मधमाश्यांसमोर म्हणायचे शब्द

थर्झा गेली हे डॉक्टरांनी खाली येऊन सांगितलं, तेव्हा तिचा नवरा एनॉक बुटांना काळं पॉलिश लावत बसला होता. तिनेच सकाळी वरून सांगितलं होतं, डॉक्टर येणार आहेत, ते बूट त्यांच्या नजरेला पडायला नकोत. एक बूट झाला होता, दुसरा हातात होता.

"झोपेतच गेल्या," डॉक्टर म्हणाले. "त्रास झाला नाही."

एनॉकच्या तोंडून एक शब्द निघाला. ग्रिम्सबीच्या मासळीच्या गोदीवर हा शब्द सकाळी कुणी भेटलं की वापरतात, खोक्याखाली बोट चेंगरलं की वापरतात आणि चहा चांगला झाला तरी वापरतात. एनॉकने उभा जन्म त्या गोदीवर माशांच्या टोपल्या उचलल्या होत्या. त्याला तो शब्द शोधावा लागत नसे, आपला आपण यायचा. पण थर्झाच्या घरात तो आजवर कधी आला नव्हता. हे घर मेथडिस्टांचं, म्हणजे कडक शिस्तीच्या ख्रिश्चनांचं. इथे 'देवा' हा शब्दसुद्धा फक्त गुडघे टेकल्यावर म्हणायचा होता.

डॉक्टर शहरातले होते. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि खिशातून कागद काढला.

"तुमचं पूर्ण नाव?"

"एनॉक ब्रॅकनबरी."

स्वयंपाकघरात कपबश्या विसळत असलेली मिसेस ऑडलिंग ओल्या हातांनी धावत बाहेर आली. "हळू! हळू बोल! घरात मयत आहे!"

मिसेस ऑडलिंग ही शेजारीण. स्वतः विधवा. गावात कुणी जन्मो की मरो, ही तिथे आधीच हजर. गोदीवरचा शब्द तिनेही ऐकला होता, त्याबद्दल ती काही बोलली नव्हती. नावावर मात्र धावून आली. एनॉकला वाटलं, आपला आवाज चढला असेल. त्याने दुसऱ्यांदा नाव अगदी हळू सांगितलं, तर ती आणखीच लाल झाली आणि परत आत गेली.

ऑल्डरबी गावात हे त्याला नवीन नव्हतं. तिथे त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. 'काय रे बाबा', 'अहो बंधू', 'थर्झाच्या नवऱ्या' असं काहीही म्हणत. एकदा दुकानात पार्सल घ्यायला गेला आणि नाव सांगितलं, तर दुकानवाली म्हणाली, "अहो, लहान मुलं उभी आहेत." एनॉकने त्याचा अर्थ असा लावला होता, की आपण बाहेरचे, गोदीवरचे, आपल्या अंगाला मासळीचा वास येत असणार. आठवडाभर तो ग्रिम्सबीला असायचा, शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी यायचा, रविवारी मेथडिस्टांच्या चॅपलमध्ये प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचा. पाठ कामातून गेली तेव्हा गोदी सुटली आणि तो कायमचा घरी आला. त्याला अजून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

डॉक्टर गेल्यावर मिसेस ऑडलिंगने मयताच्या रीतीप्रमाणे भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, आरशावर चादर टाकली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता माश्यांना कोण सांगणार?"

"मी," एनॉक म्हणाला. "मलाच सांगितलंय तिने."

थर्झाने खरंच सांगितलं होतं. मंगळवारी, ताप उतरला होता तेव्हा. 'मधमाश्यांना तू सांग. माझ्या आईपासूनच्या आहेत त्या. आणि नीट शब्दांत सांग, एनॉक. नीट शब्दांत.' बाकी घराचं काय, सामानाचं काय, एक अक्षर बोलली नव्हती.

रीत अशी होती. घरातलं माणूस गेलं की घराची किल्ली घ्यायची, मधपेटीवर तीनदा टकटक करायची आणि माश्यांना दोन वाक्यं सांगायची. तुमची मालकीण गेली, हे एक. आता तुमचा मालक अमुक अमुक, हे दुसरं. शवपेटी दाराबाहेर पडायच्या आत दोन्ही सांगून झाली पाहिजेत. नाहीतर माश्या रुसतात, उठून जातात किंवा आतल्या आत मरतात. आणि माश्यांसमोर वाईट शब्द काढायचा नाही. पलीकडच्या गावातल्या लोहाराने पेटीसमोर एकदाच तोंड सोडलं, तर सगळं मोहोळ उठून सरकारी, म्हणजे अँग्लिकन, चर्चच्या मनोऱ्यात जाऊन बसलं. आईबापांपासून मेथडिस्ट असलेल्या माश्या एका दुपारी धर्म बदलून मोकळ्या झाल्या.

म्हणूनच थर्झाने एनॉकला कधी पेट्यांजवळ जाऊ दिलं नव्हतं. बागेत गूजबेरीच्या झुडपांची एक ओळ होती. पाच पेट्या त्या ओळीच्या पलीकडे. 'तू आणि तुझी जीभ, दोघं अलीकडे राहा,' असं ती म्हणायची. अलीकडे बसून एनॉक बटाटे सोलायचा आणि पलीकडे तिची टोपी वरखाली होताना बघायचा.

शुक्रवारी सकाळी त्याने कोट घातला, टाय बांधला, किल्ली घेतली आणि झुडपं ओलांडली. पहिल्या पेटीवर टकटक केली. आत गुणगुण वाढली.

"तुमची मालकीण," एनॉक म्हणाला आणि तिथेच अडला. पुढचा शब्द 'गेली' होता, आणि तो येईना. तो थांबला तेवढ्यात एक माशी त्याच्या पँटच्या पायातून वर चढली. गुडघ्याच्या मागे पोचली. मग तिने आपलं काम केलं.

तो अख्ख्या बागेतून धावत पंपापर्यंत आला. मिसेस ऑडलिंग भिंतीवर कोपर टेकून बघत होती.

"बोललास? तो शब्द?"

"अर्धाच बोललो! अर्धा दाताखाली दाबला."

"मला इथे पुरा ऐकू आला."

"त्यांना अर्धाच गेला असेल. त्या आत होत्या."

"तुझ्या पँटमध्ये एक होती ना? ती काय घरी जाऊन गप्प बसणार आहे?"

पँटमधली घरी गेली नव्हती, ती तिथेच मेली होती. पण एनॉकने वाद घातला नाही. दुपारभर तो गूजबेरीच्या अलीकडे खुर्ची टाकून पेट्यांकडे बघत बसला. माश्या येत होत्या, जात होत्या. संध्याकाळी दुसऱ्या पेटीच्या तोंडाशी एक पुंजका जमला, तेव्हा तो खुर्चीतून उठला. त्या चालल्या असं त्याला वाटलं. त्या चालल्या की झालंच. घरात तिचे कपडे होते, तिचे चष्मे होते, पण ते सगळं गप्प होतं. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

शनिवारी दुपारी मिस्टर टॉइन आले. टॉइन यांचं बियाण्याचं दुकान. रविवारी ते चॅपलमध्ये उपदेश करत आणि त्यांच्या स्वतःच्याही मधपेट्या होत्या. मिसेस ऑडलिंगनेच त्यांना बोलावून आणलं होतं.

"बंधू," टॉइन हात धरून म्हणाले, "भगिनी थर्झा प्रभूजवळ आहे. तिची काळजी नको. काळजी तुमच्या जिभेची आहे."

"जीभ माझीच आहे," एनॉक म्हणाला. "पण ऐकत नाही."

"वळण लावावं लागतं. सोमवारी अकराला आपण तिला घेऊन निघणार. तोवर जमलं तर उत्तम. नाही जमलं तर पेट्या सरळ माझ्याकडे येऊ देत. मी माझं नाव सांगतो त्यांना. उडून जाण्यापेक्षा ते बरं, नाही का?"

"आता कळलं का आलात ते!" मिसेस ऑडलिंग म्हणाली. "पाचही पेट्यांवर डोळा आहे यांचा. थर्झाचा मध बाजारात यांच्या मधाआधी संपायचा."

"मी सेवाभावाने बोलतोय, बाई."

"बोला की. चहा घ्या आणि बोला."

टॉइन यांनी चहा घेतला आणि शिकवणीला सुरुवात केली. मूळ तत्त्व असं, ते म्हणाले, की जिथे देवाचं नाव तोंडाशी येईल तिथे वळायचं आणि त्याच्या शेजाऱ्याचं नाव घ्यायचं. 'गॉड' आला की 'गॉश' म्हणायचं, किंवा 'गॉली'. सैतान आला की 'डिकन्स'. रागही बाहेर पडतो आणि आत्माही शाबूत राहतो.

"'गॉश' चालणार नाही," मिसेस ऑडलिंग म्हणाली. "'गॉश' म्हणजे देवच. नुसती कोटाची कॉलर वर करून आलाय. माझ्या भावाने 'गॉश' म्हटलं तेव्हा आईने त्याला उपाशी झोपवला होता."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी 'शुगर' म्हणते."

"साखर?" एनॉकने विचारलं.

"साखर. बोट भाजलं, साखर. दूध उतू गेलं, साखर."

"रेशन होतं तेव्हा पण?"

"तेव्हा तर काळजातून निघायचा."

टॉइन हसले. मिसेस ऑडलिंग त्यांच्याकडे वळली. "हसू नका. तुमचं ते 'ग्रेट स्कॉट' काय आहे? कोण हा स्कॉट?"

"ते माझ्या वडिलांपासून आलंय."

"वडिलांनी चौकशी केली होती का? कोणत्या चॅपलचा, दारू प्यायचा का? उद्या हा स्कॉट कॅथलिक निघाला म्हणजे?"

टॉइन यांनी घाईने दुसरा शब्द काढला. त्यांची बहीण 'अगं माझ्या भोवळलेल्या मावशे' असं म्हणते आणि तिला आजवर कुठलीही बाधा झालेली नाही.

"मला मावशी नाही," एनॉक म्हणाला.

"कुणालाच तशी नसते. म्हणून तर ती चालते. म्हणून बघा."

एनॉकने म्हणून बघितलं. साखर म्हणून बघितली, स्कॉट म्हणून बघितला. सगळं नीट म्हणता येत होतं. पण दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखं वाटत होतं. शब्द निघत होता आणि दुखणं आत तसंच राहत होतं. टॉइन म्हणाले, खुर्चीवर बसून काय कळणार, परीक्षा घेतली पाहिजे. मग बोलता बोलता, काही न सांगता, त्यांनी शेगडीजवळचं कोळशाचं लोखंडी फावडं उचललं आणि एनॉकच्या पायावर सोडलं.

एनॉकचं बोलणं संपायला बराच वेळ लागला. टॉइन यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, कुणी जात-येत नाही ना याची खात्री केली.

"यातले दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले," मिसेस ऑडलिंग म्हणाली.

"दुसरा शब्द नॉर्वेचा आहे," एनॉक पाय चोळत म्हणाला. "तिकडची जहाजं यायची."

त्याने बूट काढला, अंगठा हलतोय का बघितला आणि मान खाली घालूनच विचारलं, "थर्झा काय म्हणायची?"

मिसेस ऑडलिंग एप्रनच्या सुरकुत्या काढू लागली.

"घरात 'डिअर मी' म्हणायची, ते मला माहीत आहे. पण तिकडे, झुडपांपलीकडे? डंख बसल्यावर? तिलाही बसत असणारच की. माश्यांच्या कानाला तिचा शब्द सवयीचा आहे. तोच द्या मला. म्हणजे झालं."

मिसेस ऑडलिंगने टॉइन यांच्याकडे पाहिलं. टॉइन छताकडे पाहू लागले.

"तो शब्द तुला चालणार नाही," ती म्हणाली.

"एवढा वाईट?"

"वाईट असं नाही. म्हणजे, आता झालाय तो जरा वाईट. वापरून वापरून."

"सांगा तर."

मिसेस ऑडलिंग उठली. तिने दार लावलं, खिडकी लावली, पदरासारखा एप्रन तोंडाजवळ धरला आणि कुजबुजली, "एनॉक ब्रॅकनबरी."

"काय?"

"तेच."

"अहो काय तेच? मी विचारतोय शब्द कोणता?"

"तोच शब्द!" ती जवळजवळ ओरडली. "पेटीचं झाकण निसटलं की, 'एनॉक ब्रॅकनबरी!' डंख बसला की, 'एनॉक ब्रॅकनबरी!' लग्न झालं त्या उन्हाळ्यापासून. आम्ही बायका भिंतीअलीकडे ऐकायचो. दणदणीत शब्द. तोंड भरून यायचा. मग माझ्याही तोंडात बसला. चांगली साखर म्हणत होते मी, पण साखरेने भागत नाही असं काही झालं, समजा लोणच्याची बरणी फुटली, की तुझंच नाव."

"तुम्ही?"

"मी एकटी नाही. सगळेच. शाळेतल्या बाईंनी मागे एका पोराचं तोंड साबणाने धुतलं. का, तर फळ्यावर तुझं नाव लिहिलं म्हणून."

एनॉक टॉइन यांच्याकडे वळला. "आणि तुम्ही?"

"मी आयुष्यात एकदाच," टॉइन म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "चॅपलच्या मागच्या खोलीत. शेगडीचं झाकण पायावर पडलं. मी लगेच क्षमा मागितली, देवाची."

"म्हणून प्रार्थनेत तुम्ही नुसतं 'भगिनी थर्झा आणि तिचे यजमान' म्हणायचात."

"व्यासपीठावरून कसं म्हणणार, बंधू? पुढच्या बाकावर बायका असतात."

एनॉकने पाइप तोंडात धरला, पण पेटवला नाही. दुकानवाली आठवली. पोस्टात मागे कुणीतरी खुदखुदलं होतं ते आठवलं. मासळीच्या वासाचा धसका त्याने इतकी वर्षं उगाच घेतला होता. दर शनिवारी बसमध्ये चढण्याआधी तो गोदीच्या नळावर कोपरापर्यंत हात घासायचा.

"किती वेळा म्हणायची?" त्याने विचारलं.

"कशावर आहे. उन्हाळ्यात जास्त. मोहोळ सुटायच्या दिवसांत तर सारखंच."

"सोमवारी पण?"

"सोमवारी तर ठरलेलं! सोमवारी कपडे धुवायचे. तू बसमध्ये बसतोस न बसतोस, तोच दोरी तुटायची आणि अख्ख्या गल्लीला तू आठवायचास."

"मला वाटायचं, मी गेलो की शनिवारपर्यंत तिच्या ध्यानीमनी नसेन."

"छे रे बाबा. तू असायचास तेव्हाच जरा शांतता असायची."

"रागाने म्हणायची का?"

मिसेस ऑडलिंगने विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "सुरुवात रागाने व्हायची," ती म्हणाली. "'एनॉक' रागाने. 'ब्रॅकनबरी' पर्यंत राग निम्मा व्हायचा. शेवटी शेवटी जरा हसू यायचं तिला."

टॉइन यांनी खाकरून मूळ मुद्दा काढला. आता अडचण दुहेरी झाली होती. डंख बसल्यावर काय म्हणायचं हा एक प्रश्न होताच. पण दुसऱ्या वाक्याचं काय? 'आता तुमचा मालक एनॉक ब्रॅकनबरी' असं पेटीसमोर म्हणायचं, म्हणजे सुतकात, किल्ली हातात घेऊन, माश्यांना सरळ शिवी हासडायची. त्यांनी जन्मभर तो शब्द त्याच अर्थाने ऐकलेला.

"मग दुसरं नाव सांगू?"

"ते खोटं होईल."

"मग तेच म्हणतो. नाव माझंच आहे ना? डंख बसला तरी तेच म्हणतो, एकाच शब्दात दोन्ही कामं."

"छे छे," टॉइन म्हणाले. "नाव घेऊन ओरडणं म्हणजे शपथच, आणि स्वतःच्याच नावाने शपथ फक्त देवाने घ्यायची असते. अब्राहामाला वचन देताना घेतली, कारण त्याच्याहून मोठं कुणी नव्हतं. माणसाने आपल्यापेक्षा मोठ्याच्या नावाने घ्यावी, असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही स्वतःच्या नावाने ओरडायला लागलात, तर तो शिवीपेक्षा मोठा अपराध."

"मग मी करू तरी काय?"

"पेट्या माझ्याकडे द्या," टॉइन हळुवार म्हणाले.

"चहा संपला तुमचा," मिसेस ऑडलिंग म्हणाली आणि त्यांच्या हातातली बशी काढून घेतली.

रविवारी एनॉक चॅपलला गेला नाही. त्याने सरपणाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि हातोडी घेऊन अंगठ्यावर सराव केला. साखर, मावशी, स्कॉट. दुपारपर्यंत अंगठा निळा झाला, पण तोंडातून यायचं तेच येत राहिलं.

सोमवारी सगळं गाव आलं. टेबलावर हॅम होतं, मनुकांचा गोड पाव होता, मोठ्या किटलीत चहा होता. मिसेस ऑडलिंगने पाचही पेट्यांना सकाळीच काळ्या फिती बांधल्या होत्या आणि प्रत्येक पेटीसमोर बशीत पावाचा तुकडा साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवला होता, कारण सुतकाचं जेवण माश्यांनाही द्यायचं असतं. शवपेटी खाली आली. चौघांनी ती खांद्यावर घेतली आणि दारातच थांबले, कारण माश्यांना सांगून झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नव्हता. टॉइन यांनी भिंतीपलीकडे घोडागाडी उभी करून ठेवली होती. ती मधपेट्या न्यायची गाडी होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

एनॉक काळ्या कोटात, किल्ली घेऊन, गूजबेरीच्या ओळीपर्यंत आला. तिथे क्षणभर थांबला, जसं दार ठोठावून परवानगीची वाट बघतात. मग पलीकडे गेला. लोक झुडपांच्या अलीकडे रांगेत उभे राहिले. बायकांनी पोरांच्या कानांवर आधीच हात ठेवले होते.

त्याने पहिल्या पेटीवर टकटक केली.

"तुमची मालकीण गेली," तो म्हणाला. या वेळी शब्द आला. "थर्झा. गुरुवारी गेली. झोपेतच."

आतून गुणगुण आली. त्याने एकेक करत पाचही पेट्यांवर टकटक केली, पाचही वेळा तेच सांगितलं आणि मधल्या पेटीपाशी परत आला. आता दुसरं वाक्य.

"आता तुमचा मालक," एनॉक म्हणाला आणि थांबला.

मागे पुरुषांनी माना खाली घातल्या. टॉइन यांनी घड्याळ काढलं. दारात शवपेटी धरलेल्या चौघांपैकी एकाने खांदा बदलला. एनॉकने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात एक माशी त्याच्या कॉलरवर बसली, आत शिरली, मानेवर थोडी फिरली आणि कानाच्या खाली, अगदी मऊ जागा शोधून, तिने डंख मारला.

गोदीवरचा शब्द दातांपर्यंत आला. त्याच्या मागून नॉर्वेचा आला. साखर आली, मावशी आली, स्कॉट आला. चॅपल सुटल्यावर दारात माणसं अडकतात तसे सगळे एकदम अडकले. एनॉकचा चेहरा जांभळा झाला. मग त्याने डोळे मिटले आणि जे आलं ते पूर्ण ताकदीने आलं.

"थर्झा ब्रॅकनबरी!"

एल्मच्या झाडावरचे कावळे उडाले. दारातल्या चौघांनी दचकून शवपेटी खाली टेकवली. एकाने टोपी काढली आणि, काय करावं न सुचून, परत घातली. कुणाला वाटलं, आतून उत्तरच येणार.

"थर्झा ब्रॅकनबरी!" एनॉक पुन्हा म्हणाला, कान धरून. 'थर्झा' रागाने होतं. 'ब्रॅकनबरी'पर्यंत राग निम्मा झाला होता. शेवट होईपर्यंत त्याचा आवाज फाटला.

"गेलं!" मिसेस ऑडलिंग एप्रनला नाक पुसत म्हणाली. "आता हिचंही नाव गेलं. लोणच्याची बरणी फुटली तर मी कुणाकुणाचं घेऊ?"

माश्यांची गुणगुण वाढली नाही. कमीही झाली नाही. त्या त्याच्या खांद्यावरून शेतांकडे जात राहिल्या. एक भिजवलेल्या पावावर बसली.

टॉइन झुडपांपर्यंत पुढे आले. "बंधू, हे योग्य झालं का? मृताच्या नावाने, अशा प्रसंगी..."

"शपथ मोठ्याच्या नावाने घ्यावी," एनॉक म्हणाला. "असं तुम्हीच सांगितलंत. स्पष्ट लिहिलंय म्हणालात."

टॉइन उपदेशक होते. त्यांनी मनातल्या मनात वचन तपासलं आणि ते बरोबर होतं. त्यांनी घड्याळ मिटलं. "साडेअकरा झाले," ते म्हणाले. "निघायला हवं. नाव मागाहून सांगा."

चौघांनी शवपेटी उचलली. एनॉक झुडपं ओलांडून अलीकडे आला आणि तिच्या मागून चालू लागला. कान टोमॅटोएवढा सुजला होता. घोडागाडी रिकामीच परत गेली.

माश्या गेल्या नाहीत. जूनमध्ये दुसऱ्या पेटीतून मोहोळ सुटलं, तेही फक्त मिसेस ऑडलिंगच्या सफरचंदाच्या झाडापर्यंत. एनॉकने शिडी लावून, चार डंख खाऊन ते परत आणलं. चारही वेळा तो काय ओरडला ते खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. शाळेतल्या बाईंनी साबण आणखी मागवला, असं मिसेस ऑडलिंग सांगते. ऑगस्टमध्ये त्याने मध काढला. थर्झासारखा स्वच्छ नाही निघाला, त्यात मेणाचे कण राहिले, पण संपला.

टॉइन अधूनमधून भिंतीपाशी येऊन विचारतात, "पुढचं सांगून झालं का, बंधू? नाव सांगितलंत का?" मग एनॉक किल्ली घेतो, झुडपं ओलांडतो, मधल्या पेटीवर टकटक करतो आणि उभा राहतो. तिची टोपी पेटीशेजारच्या खुंटीला अजून तशीच आहे. थोड्या वेळाने तो परत येतो आणि बटाटे सोलायला घेतो.

मालकीण गेली, एवढं सांगून झालं आहे. आता मालक कोण, हे माश्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.